चोवीस व्होल्टची निळी गाडी आणि बारा व्होल्टचा भोंगा

सोनगीरचा किल्ला दिसायला लागला तशी नानांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. उसाचा रस प्यायचं ठरलं होतं. रस पिऊन झाला, बाया पुन्हा वर चढून बसल्या, ढोलकी मांडीवर घेऊन अक्का नेहमीच्या जागी टेकली आणि नानांनी स्टार्टर दाबला. इंजिनातून नुसता 'टक्' असा आवाज आला. दुसऱ्यांदा दाबला तर तोही नाही.

दुपारचे दोन वाजले असतील. एप्रिल महिना. मुंबई-आग्रा रस्त्यावरून ट्रक धुरळा उडवत चालले होते. आमची गाडी म्हणजे लष्कराच्या लिलावातली एक टनी. दोन माणसांनी ढकलावी अशातली नव्हे. नाना खाली उतरले, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "उतरा सगळ्या."

आठ बाया आणि मी उतरलो. पदर खोचले. अक्का आमच्या गाण्याच्या पथकात सगळ्यात वयस्कर, साठीच्या घरातली. तिने ढोलकी रसवाल्याकडे सांभाळायला दिली आणि मागे जाऊन दोन्ही तळवे फळीला लावले. "ढकला वो बाया, ढकला!" ती ओरडली. पहिल्यांदा गाडी हलली नाही. दुसऱ्यांदा वीतभर हलली आणि सगळ्यांना हसू फुटलं. हसताना जोर लावता येत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. तिसऱ्यांदा आईने सूर धरला. कसलं तरी जात्यावरचं होतं, त्याच्या प्रत्येक समेला सगळ्यांनी मिळून रेटा द्यायचा. गाडी उताराला लागली, नानांनी गियर टाकला, एक आचका बसला आणि इंजिन सुरू झालं. बाया टाळ्या वाजवत मागे धावल्या. रसवाला ढोलकी घेऊन त्यांच्या मागे.

मी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. बॅटरी कुणामुळे बसली ते मला ठाऊक होतं.

आम्ही साक्रीला राहायचो. नाना, म्हणजे माझे वडील, लष्करात गाड्या चालवायचे आणि दुरुस्त करायचे. बावीस वर्षांची नोकरी करून ते घरी आले आणि दुसऱ्याच वर्षी लिलावात ही गाडी घेऊन आले. लष्करी हिरवा रंग बाहेरच्या माणसाला ठेवता येत नाही, म्हणून त्यांनी तो झाकायचं ठरवलं. कुठला रंग द्यायचा यावर घरात चर्चाच झाली नाही. आमच्या वस्तीत, विहाराच्या भिंतीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत, जो रंग होता तोच. आठ दिवस ते ब्रश घेऊन बसले आणि गाडी निळी झाली. आठवडे बाजाराच्या दिवशी ती कांद्याची, भगरीची, नागलीची पोती वाहायची. उरलेल्या दिवशी, खास करून जयंतीच्या आणि बुद्धपौर्णिमेच्या महिन्यात, ती आईच्या ताब्यात असायची.

आई सरकारी दवाखान्यात आया होती. दिवसभर बाळंतिणींचं करायची आणि संध्याकाळी विहारात बायांना घेऊन गाणी बसवायची. तिचं गायनपथक आठ बायांचं. कुणी शेतात मजुरीला जाणारी, कुणी भाजी विकणारी, एक शाळेत शिकवणारी. आवाज सगळ्यांचे खणखणीत, पण उघड्या मैदानात शेदोनशे माणसांपुढे गायचं तर घसा किती ताणणार? त्या वर्षी बायांनी मिळून एक ॲम्प्लिफायर आणि एक भोंगा घेतला. तो बारा व्होल्टवर चालायचा. सुरुवातीला त्यासाठी एक बॅटरी पोत्यात घालून दोघींनी गावोगाव उचलून न्यायची अशी पद्धत होती. ॲसिड सांडून तीन लुगडी भोकाभोकांची झाली होती.

आणि मी तेव्हा धुळ्याला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या वर्गात. वर्गात मुली दोनच. रोज सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळच्या एसटीने यायचं. एकोणीस वर्षांचं वय आणि हातात स्वतःचा मल्टीमीटर. मला सगळं कळतं असं मला वाटत होतं.

आमची गाडी चोवीस व्होल्टची. लष्करी गाड्यांत बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. मी विचार केला, मग भांडण कसलं? दोनातल्या एका बॅटरीवरून दोन वायरी काढल्या, ॲम्प्लिफायरला लावल्या, भोंगा वाजला. बायांनी मला डोक्यावर घेतलं. नानांनी विचारलं, "कुठून घेतलंस?"

"एकाच बॅटरीवरून. ट्रकवाले टेप असाच लावतात, नाना."

त्यांनी वाकून पाहिलं, वायरीला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "छान."

त्यानंतर सलग सहा दिवस सहा गावांत कार्यक्रम झाले आणि सातव्या दिवशी आम्ही सोनगीरला गाडी ढकलली.

घरी आल्यावर नानांनी हायड्रोमीटर काढला. ॲसिडमध्ये बुडवायची ती काचेची नळी, आत तरंगणारा काटा. पहिल्या बॅटरीत काटा तळाला. दुसऱ्या बॅटरीचं झाकण उघडलं तर आत पाणी कमी झालेलं आणि ॲसिडचा उग्र वास. एक उपाशी आणि एक अजीर्ण झालेली.

"असं कसं?" मी विचारलं.

"डायनामो दोघींना एकत्र वाढतो," ते म्हणाले. "दोघींच्या पानात सारखंच पडतं. पण भोंगा फक्त हिच्याच पानातलं खातो. मग हिचं पोट कधी भरत नाही, आणि तिला नको असताना आणखी पडत राहतं."

मला रडू आलं. नाना म्हणाले, "रडतेस कशाला? मला तरी कुठे माहीत होतं? पलटणीत बारावर चालणारं काही नव्हतंच. सगळं चोवीसवर. मी 'छान' म्हणालो होतो ना? मग चूक दोघांची." आणि त्यांनी माझ्या वायरी काढून, त्यांची नीट गुंडाळी करून खिळ्याला लावून ठेवली. दोन्ही बॅटऱ्या चार्जिंगला गेल्या. पोत्यातली बॅटरी पुन्हा बाहेर निघाली. जयंतीला बारा दिवस उरले होते.

आयटीआयच्या सरांना मी सगळं सांगितलं. सर म्हणाले, "कन्व्हर्टर हवा. चोवीस आत घेऊन बारा बाहेर देणारा. दोन्ही बॅटऱ्यांवर सारखा भार पडेल." तो मिळतो कुठे हे मात्र त्यांनाही सांगता येईना. धुळ्यात दोन-चार दुकानं फिरले. एकाने रेझिस्टन्सची गुंडाळी दाखवली, ती लाल होईपर्यंत तापत होती. दुसरा म्हणाला, अख्ख्या गाडीचंच वायरिंग बाराचं करून घ्या. हे ऐकून नानांचं तोंड असं झालं, जणू कुणी गाडीचा पायच कापायला सांगितला.

शेवटी नानांच्या ओळखीतल्या कुणीतरी जळगावच्या एका माणसाचं नाव सांगितलं. स्टेशनपासून थोडं आत, एका बोळात त्याचं दुकान होतं. सगळे त्याला भाऊ म्हणत. सिनेमा थिएटरांचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करायचा. रविवारी मी आणि नाना एसटीने गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा लागल्या तशी हवा जराशी निवली, तेवढाच सुटकेचा श्वास.

भाऊ बनियनवर बसलेले होते, समोर सोल्डरिंगचा धूर. आमचं ऐकून घेतलं आणि माझ्याऐवजी नानांना विचारलं, "इंजिन चालू असताना बॅटरीवर किती व्होल्ट भरतात?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "अठ्ठावीस. मोजलेत मी."

भाऊंनी चष्मा वर केला. मग पुढचं सगळं माझ्याशीच बोलले. ॲम्प्लिफायर किती वीज ओढतो, भोंगे किती, सलग किती तास वाजतो. फळीवरून त्यांनी एक ॲल्युमिनियमचा डबा काढला. त्याला बाहेरून कंगव्यासारखे दात होते आणि पाठीवर मोठे काळपट ट्रान्झिस्टर. सिनेमाच्या जाहिरातीच्या गाडीसाठी बनवायला घेतलेला, पण अर्धवट राहिलेला. "परवा पूर्ण करून एसटीने पाठवतो," ते म्हणाले. "तीन वायरी निघतील. लाल आत, पिवळी बाहेर, काळी दोघांची मिळून. एक ध्यानात ठेव. लाल आणि काळी उलटी लावलीस तर तिथे धूर निघेल आणि इथे जळगावात बसून मी रडेन."

"नाही लावणार," मी म्हटलं.

"सगळे हेच म्हणतात," भाऊ म्हणाले आणि आम्हाला चहा पाजला.

डबा बुधवारी आला. तो बसवायला आम्ही पुढचा रविवार धरला. तो रविवार मला अजून सकाळपासून तसाच्या तसा आठवतो.

घरापुढे निंबाचं झाड होतं. नानांनी गाडी सावलीत आणली, चाकांना दगड लावले आणि खाली गोणपाट अंथरून त्यावर पाने, पकड, पेचकस ओळीने मांडले. मग साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, माझ्या हातात पेन्सिल दिली आणि म्हणाले, "लिही. काय काय करायचं, कुठल्या क्रमाने."

"डोक्यात आहे माझ्या."

"डोक्यातलं पुठ्ठ्यावर उतरव. पलटणीत कागदाशिवाय पान्याला हात लावू देत नव्हते."

मला ते वेळखाऊ वाटत होतं. तरी लिहिलं. मुख्य स्विच बंद. बॅटरीची वायर सोडणे. डबा बसवणे. वायर ओढणे. फ्यूज. मोजणे. भोंगा. नानांनी वाचलं, मान डोलावली. मी पाना घेतला आणि बॅटरीच्या जाड वायरीचा नट ढिला करायला वाकले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट. कधी धरलं नव्हतं तसं.

"कुठली सोडतेस?"

मी पाहिलं. अधिकची वायर होती.

"पाना केवढा आहे बघ. नट फिरवताना त्याचं दुसरं टोक गाडीच्या पत्र्याला लागलं तर? पत्रा म्हणजे उणे. तुझ्या हातातला पाना तापून लाल होईल. आधी उणे सोडायची. ती सुटली की मग पाना कुठेही लागो. आणि जोडताना उणे सगळ्यात शेवटी." मग मनगट सोडलं आणि म्हणाले, "पुठ्ठ्यावर लिही ते."

लिहिलं. यावेळी मुकाट्याने.

डबा कुठे बसवायचा यावर आमचं जुंपलं. माझं म्हणणं, सीटखाली, बॅटऱ्यांच्या शेजारीच. वायर कमी लागेल. नाना म्हणाले, "बॅटरी वाफ सोडते, ॲसिड उडतं. आणि सीटखाली वारा कुठे? आपल्याकडे मे महिन्यात नुसता पत्रा हाताला चटका देतो. त्यात हा डबा स्वतः तापणारा. गुदमरेल तो." मी म्हटलं, मग पत्र्याला भोक पाडून मागच्या बाजूला बसवू. भोक हा शब्द ऐकून त्यांनी मान हलवली. गाडीला निळा रंग देणं त्यांनी सोसलं होतं, पण ड्रिल लावायची त्यांची तयारी नव्हती.

मग ते उठले, मागच्या हौद्यात चढले आणि ड्रायव्हरच्या पाठीमागच्या कोपऱ्यातून मला हाक मारली. तिथे लोखंडी पट्ट्यांचा एक सांगाडा होता. आम्ही त्यावर पाण्याची कळशी ठेवायचो.

"इथे वायरलेस बसायचा," ते म्हणाले. "आणि त्याची वायर इथून यायची." त्यांनी पत्र्यावरचं एक रबरी बूच नखाने उचकटलं. मागे गोल भोक, काठ गुळगुळीत. बनवणाऱ्यांनीच ठेवलेलं. "बघ, सगळी सोय आहे. आपल्याला एवढी वर्षं सुचलं नाही."

किती आनंद झाला त्यांना! पंधरा मिनिटं ते मला वायरलेसच्या गोष्टी सांगत राहिले. बर्फात तो कसा गारठायचा आणि हे कसे त्याला घोंगडी गुंडाळायचे. मी पट्ट्यांवर डबा बसवला. खाली चार वॉशर घातले, मागून वारा खेळावा म्हणून. बुचाला मधोमध भोक पाडून त्यातून वायर ओवली. पत्र्याच्या काठावर वायर घासली गेली तर वर्षा-दोन वर्षांत तिचं आवरण कापलं जातं आणि मग आग. हे मात्र मला आयटीआयमध्येच शिकवलं होतं. मी ते सांगितलं तेव्हा नाना म्हणाले, "शाब्बास. लिही."

फ्यूज मी ॲम्प्लिफायरपाशी लावणार होते. नानांनी विचारलं, "मग बॅटरीपासून तिथपर्यंतच्या वायरीला कोण वाचवणार?" मी वायरीवर बोट फिरवत बॅटरीपर्यंत गेले. मग कळलं. एवढ्या लांब वायरीला मधेच कुठे दगा झाला तर टोकाचा फ्यूज काय करणार? तो बॅटरीजवळच हवा, मुख्य स्विचच्या लगेच पुढे. तिथेच लावला. ॲम्प्लिफायरसाठी म्हणून दुसरा छोटा फ्यूज पिवळ्या वायरीत घातला. दोन फ्यूज बघून नाना इतके खूश झाले की आत जाऊन आईला सांगून आले. आई भाकऱ्या थापत होती. तिथूनच ओरडली, "काय वो, हुयनं का नही?"

"थांब जरा!" आम्ही दोघं एकदम म्हणालो.

लाल, काळी. मी तीनदा तपासलं. नानांनी मला लांब उभं केलं आणि स्वतः एकदा तपासलं. मग मला पुन्हा तपासायला लावलं. उणेची वायर शेवटी जोडली. मुख्य स्विच टाकला. धूर नाही, वास नाही. पिवळ्या वायरीवर मल्टीमीटर धरला तर काटा तेराच्या किंचित अलीकडे येऊन उभा राहिला. मग एक जुना बारा व्होल्टचा बल्ब लावला. ॲम्प्लिफायर जळण्यापेक्षा बल्ब गेलेला परवडला. बल्ब लागला, स्वच्छ पांढरा, आणि काटा हलला नाही. नानांनी इंजिन सुरू केलं. बॅटरीवर अठ्ठावीस. पिवळ्या वायरीवर काटा तिथेच. मी गाडीतून खाली उडी मारली आणि अंगणात नाचले. खरंच नाचले. शेजारच्या बाया बाहेर आल्या.

अक्का ढोलकी घेऊनच आली. ॲम्प्लिफायर जोडला, भोंगा निंबाच्या फांदीला टांगला, आईने पिठाचे हात पदराला पुसले आणि माईक घेऊन एक ओळ म्हटली. पार बसस्टँडपर्यंत ऐकू गेली असेल. इंजिन बंद होतं. "आते चालू करा," आई म्हणाली.

नानांनी इंजिन सुरू केलं आणि भोंग्यातून 'कुंऽऽई' असा बारीक सूर निघाला. ॲक्सिलरेटर दाबला की सूर वर चढायचा, सोडला की खाली यायचा. आई थांबली. सगळे थांबले. अक्काने कान देऊन ऐकलं आणि जाहीर केलं, "गाडी बी गाई राहिनी वो!"

बाया हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. एकीने त्या सुरात सूर मिसळून पाहिला. डायनामोचा आवाज भोंग्यात शिरतोय, एवढं मला कळत होतं. पण कुठून? जेवण झालं, दुपार टळली, मी गाडीखाली उताणी पडून एकेक वायर हाताने चाचपत होते. मग लक्षात आलं. कन्व्हर्टरची काळी वायर मी एका बोल्टला लावली होती आणि ॲम्प्लिफायरची उणे, सोयीची म्हणून, पलीकडे सीटच्या बोल्टला. दोन ठिकाणी दोन जमिनी, म्हणजे दोन अर्थिंग. मधल्या गंजक्या, रंग फासलेल्या पत्र्यातून वीज वाट काढत होती आणि येताना डायनामोची किरकिर सोबत आणत होती.

"दोन्ही एकाच जागी लावायला हव्यात," मी नानांना म्हटलं. "आणि तिथला पत्रा खरवडावा लागेल. रंगावर अर्थिंग धरत नाही."

मला वाटलं, ते नको म्हणतील. त्यांनी पॉलिश पेपर मागितला. सांगाड्याच्या बुडाशी एक जाड बोल्ट होता, त्याच्याभोवती ते स्वतः घासायला बसले. आधी निळा गेला. खालून हिरवा आला, तो लष्करी हिरवा. तिथे त्यांचा हात थांबला. अंगठ्याने त्यांनी त्या रुपयाएवढ्या हिरव्या ठिपक्याला पुसलं. मग ते पुन्हा घासायला लागले आणि खालून चकचकीत लोखंड निघालं.

"लाव," ते म्हणाले.

दोन्ही वायरी त्याच बोल्टला कसल्या, वरून ग्रीसचा हात फिरवला. इंजिन सुरू. ॲक्सिलरेटर. भोंगा गप्प. कान अगदी जवळ नेला तर कुठेतरी डासासारखं गुणगुणत होतं, पण तेवढं तर चालायचंच. अक्काला जरा वाईटच वाटलं. तिला तो सूर आवडला होता.

जयंतीच्या दिवशी दुपारी चारला आम्ही निघालो. गाडीला झेंडे, भोंगा टपावर, आठ बाया पांढऱ्या साड्यांत. त्या दिवशी साक्रीची मिरवणूक झाली आणि पुढे आठवडाभर पश्चिमेकडच्या डोंगरातल्या गावांत रोज एक कार्यक्रम. त्या गावांत वीज असून नसल्यासारखी. मांडव घातलेला असायचा पण दिवे मिणमिण. तिथे आमची गाडी चढ चढून यायची, इंजिन न थांबवताच भोंगा सुरू व्हायचा आणि आईचा आवाज समोरच्या टेकडीवर जाऊन परत यायचा. आईने त्या आठवड्यात जेवढं मोकळं गायलं तेवढं मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. घसा ताणायचा नव्हता ना. हळू म्हणायच्या ओळी ती खरंच हळू म्हणू लागली, आणि त्या ओळींना शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावायच्या.

नाना दर अर्ध्या तासाने मागे चढायचे आणि डब्याला हाताची पालथी बाजू लावून पाहायचे. तळवा नाही, पालथी बाजू. तापलेलं असेल तर हात आपोआप मागे येतो, म्हणायचे. अक्काने तीन-चारदा हे पाहिलं आणि ढोलकी थांबवून काळजीने विचारलं, "काय वो नाना, त्याले ताप शे का?"

"थोडा शे," नाना गंभीरपणे म्हणाले. "पण मस्त खाई-पी राहिना."

चौथ्या की पाचव्या गावात बायांनी गाडीवरच गाणं रचलं. चढावर गाडी कुंथत असताना भाजीवालीने पहिली ओळ म्हटली, शिक्षिकेने दुसरी जुळवली आणि गाव येईस्तोवर आईने चाल बसवली.

निळी मनी गाडी वो माय, डोंगर चढी जाय,
बठ्ठा बाया गाई राहिन्या, भोंगा थांबत नाय.

आमच्याकडे 'मनी' म्हणजे माझी आणि 'बठ्ठा' म्हणजे सगळ्या. त्या संध्याकाळी हे गाणं तीनदा म्हणावं लागलं. तिसऱ्यांदा गावच्या बाया उठून नाचायला लागल्या, आणि कुणीतरी हात धरून नानांना मधे ओढलं. बावीस वर्षं कवायत केलेला माणूस, त्याला नाचता कुठे येतंय! ते ताठ उभे राहून नुसते टाळ्या वाजवत होते, चुकीच्या तालावर, आणि चेहरा असा की मी तो विसरूच शकत नाही. मी ॲम्प्लिफायरपाशी बसून ते पाहत होते. एक हात आवाजाच्या बटणावर.

आठवड्याच्या शेवटी नानांनी हायड्रोमीटर काढला. दोन्ही बॅटऱ्यांत काटे सारख्या उंचीवर. "बठ्ठं जमनं," आई म्हणाली. ती हे पहिल्यांदाच बघत होती, तरी तिला लगेच कळलं.

मी जळगावच्या भाऊंना कार्ड टाकलं की धूर निघाला नाही, रडायची गरज नाही. त्यांचं उत्तर आलं: आणखी दोन डबे बनवतोय, कुणी विचारलं तर सांग.

आणि विचारलं. बुद्धपौर्णिमेच्या थोडं आधी एक ट्रकवाला घरी आला. धुळ्याकडून सुरतेला माल न्यायचा. आमचा भोंगा त्याने कुठल्याशा गावात ऐकला होता. निंबाखाली बाजेवर नाना बसले होते. तो त्यांना म्हणाला, "नाना, मना ट्रकले टेप लावना शे. एक बॅटरीवर लावा तं बॅटरी बठी जास."

"मनी पोरले इचारा," नाना म्हणाले.

ट्रकवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा नानांकडे. त्याला वाटलं, थट्टा चालली आहे. नाना चहाची बशी तोंडाला लावून बसले. शेवटी तो माझ्याकडे वळला आणि जरा अडखळत म्हणाला, "ताई, कधी येऊ मग गाडी घेऊन?"

"रविवारी," मी म्हटलं. "सकाळी लवकर या. आणि इंजिन चालू असताना बॅटरीवर किती भरतात, ते आधी मोजू."

पुढे आयटीआय संपल्यावर साक्रीतच, रस्त्याला लागून, मी ऑटो-इलेक्ट्रिकचं दुकान टाकलं. पहिली दोन वर्षं गिऱ्हाइकं येऊन विचारायची, मिस्त्री कुठे गेलेत? मी सांगायची, मीच. तिसऱ्या वर्षी विचारायची बंद झाली.